जगासाठी सोडलेली जागा

आमच्या ओसरीच्या उजव्या अंगाला एक खोली आहे. घराला आजवर पुष्कळदा रंग लागला, परंतु त्या खोलीच्या दाराची आतली बाजू मी रंगवू दिलेली नाही. तिथल्या काळपट सागवानी फळीवर खडूचा एक पांढुरका पट्टा दिसतो. त्यात वाचता येण्याजोगे काही उरलेले नाही. एकावर एक लिहिलेल्या आणि ओल्या फडक्याने पुसलेल्या कितीतरी शब्दांचा तो साचलेला गाळ आहे. ते सगळे शब्द एकाच वस्तूची नावे होती, आणि ती वस्तू म्हणजे हे जग.

त्या खोलीत तेव्हा भाड्याने राहणारे सर दारावर एका वेळी एकच शब्द लिहीत. त्याला ते 'पाहुणा' म्हणत. पाहुणा मुक्कामाला असेतो सर आपल्या साऱ्या बोलण्यात तोच शब्द वापरीत, मग तो शोभो अथवा न शोभो. 'विश्व' मुक्कामाला होते तेव्हा त्यांनी दूध घालायला आलेल्या काळेवाडीच्या गवळ्याला विचारले, "तुमच्या विश्वात म्हशी किती?"

गवळ्याने चरवी खाली ठेवली. "इश्वात न्हाईत जी. गोठ्यात हायेत."

"आणि गोठा कशात आहे?"

"वाडीत."

"आणि वाडी?"

"मास्तर, भांडं आणा बिगीबिगी. अजून चार घरं व्हायचीत."

त्याच सायंकाळी सरांनी 'विश्व' पुसून टाकले. मला कारण सांगितले, "विश्व म्हणजे 'सगळे', शास्त्रीबुवा. पण सगळे म्हटले की त्यात ढीगसुद्धा येतो. मला ढिगाचे नाव नको." मग दाराशी उभे राहून त्यांनी पुसलेल्या जागेला हात जोडले आणि म्हणाले, "आलात, राहिलात, आभारी आहे."

माजघरातून आईने विचारले, "मास्तर, कोण आलं होतं?"

"विश्व आले होते, आईसाहेब. गेले."

"जेवून गेले का?"

या दोघांचे बोलणे नेहमी असेच चाले.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट आहे. चिंचवड तेव्हा गाव होते. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता, फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे तिथल्या वसाहतीत स्थिरावत होती आणि स्टेशनवर कोकणातले, मराठवाड्यातले तरुण वळकट्या घेऊन उतरू लागले होते. भाड्याच्या खोल्यांना एकाएकी गिऱ्हाईक आले होते. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे. वडील निवर्तले होते. घरात आई आणि मी अशी दोनच माणसे असल्यामुळे ओसरीची खोली भाड्याने द्यावी असे ठरले, आणि पहिलेच जे गृहस्थ विचारायला आले ते हे सर.

उन्हातसुद्धा गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट, हातात छत्री, जाड भिंगांचा चष्मा. नगरकडचे ख्रिस्ती कुटुंब. पाद्री घडवणाऱ्या एका विद्यालयात सारी हयात ग्रीक भाषा शिकवून निवृत्त झालेले. आईने त्यांना ओसरीवरच उभे करून चौकशी केली.

"मांसमच्छी?"

"पत्नी गेल्यापासून सोडले. तिच्याइतके नीट कुणाला जमत नाही."

माझी आई सोवळ्याओवळ्याची फार कडक होती. गावात तिचा दरारा होता. ती म्हणाली, "ओसरी तुमची. माजघर आमचं. तिथं आमचे देव असतात."

"उंबरठा ही फार मोठी सोय आहे," सर म्हणाले. "मी तो पाळीन."

आणि त्यांनी तो पाळला. आम्ही घरची माणसे कधी घाईत पायातल्या वहाणांसह उंबऱ्यापर्यंत जात असू. सरांची सावलीदेखील माजघरात पडू नये अशा बेताने त्यांनी आपली वेताची खुर्ची ओसरीवर मांडली होती. तिथून समोर उघड्या दारातून आमचा चौरंग दिसे. चौरंगावर तांब्याचे तबक आणि तबकात पूर्वजांपासून चालत आलेले गणेशपंचायतन. मी स्वयंपाकघराकडे पाठ करून पाटावर पूजेला बसे, त्यामुळे माझे तोंड ओसरीकडे होई. मी डोळे मिटून ध्यान करीत असता समोर खुर्चीत सर तितक्याच स्तब्धपणे बसलेले असत. पूजा संपली की ते खोलीत जाऊन आपले काम सुरू करीत.

त्यांच्या टेबलाविषयी सांगायलाच हवे. त्यावर दौत, टाक, भिंग, कोशाचे खंड आणि पाण्याचा तांब्या या वस्तू होत्या, आणि त्यांपैकी एकही बोटभर सरकलेली मी पाहिली नाही. ती मांडणी त्यांच्या पत्नीने करून दिली होती. त्या गेल्यावर तीन घरे बदलली, पण टेबल प्रत्येक ठिकाणी तसेच लागले. एकदा मी कोशाचा खंड वाचायला घेतला आणि परत ठेवताना दौतीच्या डावीकडे ठेवला. सरांनी तो उजवीकडे नेला, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, कॉस्मॉस म्हणजे न बघता हात घातला आणि चष्मा सापडला."

मी हे आईला सांगितले. ती म्हणाली, "मग आपल्या घरात ते नाही. तू रोज पंचा शोधतोस."

कॉस्मॉस. हाच तो शब्द. ग्रीक भाषेत जगाला कॉस्मॉस म्हणतात. एका प्राचीन ग्रीक पंडिताचे आकाश, पृथ्वी आणि समुद्र यांविषयीचे एक लहानसे प्रकरण सरांनी मराठीत आणायला घेतले होते. बाकीचे सगळे भाषांतर होऊन कितीतरी वर्षे लोटली होती. अडले होते ते या एका शब्दापाशी, आणि तो शब्द तर पानोपानी येत होता.

त्याचा अर्थ त्यांनी प्रथम आईलाच सांगितला. ती ओसरीवर वाती वळीत बसली होती. सर म्हणाले, "आईसाहेब, त्या लोकांत हा शब्द आधी घरात आणि रणांगणात वावरत होता. वस्तू जिथल्या तिथे लावल्या, की कॉस्मॉस. सैनिक रांगेत उभे केले, की कॉस्मॉस. बाई नटूनसजून बाहेर पडली, तर तिचा साज तोही कॉस्मॉस. मग कुणा विचारवंताने वर नक्षत्रांकडे पाहिले आणि त्याला वाटले, हेदेखील तसेच लावलेले आहे, सजवलेले आहे. म्हणून त्याने साऱ्या जगाला तेच नाव दिले."

आईने वात वळता वळता विचारले, "म्हणजे आभाळाकडं बघून त्याला बायको आठवली?"

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. पुढे कितीतरी दिवस ते मला सांगत, "तीस वर्षे मी हे शिकवले. एकाही विद्यार्थ्याला हा प्रश्न सुचला नाही."

या शब्दापायी त्यांनी माझ्याशी जे वाद घातले, ते माझ्या आयुष्यातील फार मोठे विद्याधन आहे. मी म्हटले, 'जगत्' घ्या. ते म्हणाले, "तुमचा शब्द गतीचा आहे. जे चालते, जाते ते जगत्. तुमच्या ऋषींनी ते जाताना पाहिले, माझ्या ग्रीकांनी ते लावलेले पाहिले." मी 'सृष्टी' सुचवला. त्यांचे म्हणणे पडले, की त्यात निर्माण करणाऱ्याचा हात आधी दिसतो, वस्तूचे रूप मागून. मी मोठ्या आदराने 'ऋत' पुढे केला. वेदांतील तो शब्द त्यांना इतका आवडला की दारावर त्याचा मुक्काम सर्वांहून लांबला. अखेर एके दिवशी उदास होऊन त्यांनी तोही पुसला. "ऋत हा नियम आहे. त्याला मी वंदन करतो. परंतु तो डोळ्यांना दिसत नाही, शास्त्रीबुवा. कॉस्मॉस दिसतो, आणि दिसायला सुंदर असतो."

'जग' हा साधा शब्दही येऊन गेला. त्या सुमारास सर स्टेशनापर्यंत फिरायला गेले असता चहाच्या दुकानात एका वयस्कर शेतकऱ्याशी त्यांची गाठ पडली. सरांनी विचारले, "पाटील, जग म्हणजे काय हो?"

"जग व्हय? जग म्हंजी मानसं. जग काय म्हनंल, आसं म्हंतो न्हाई का आमी."

"आणि डोंगर, नदी, तारे?"

"ती काय म्हनत्यात? ती गप आसत्यात."

सर त्या उत्तरावर खूश होऊन परत आले, पण दुसऱ्या दिवशी 'जग' पुसलेच. म्हणाले, "छान शब्द आहे. फार वापरलेला आहे. त्यात साज उरलेला नाही."

स्टेशनाजवळ एक छोटे वर्कशॉप होते. तिथे भिंतीवरच्या फळीला पाने, हातोड्या, कानशी टांगलेल्या असत आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्याच आकाराची रेघ रंगवलेली असे, म्हणजे हत्यार कुठले गेले ते चटकन कळावे. सर ती फळी पाहून रस्त्यातच उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "कॉस्मॉस!"

फोरमन बाहेर आला. "कुठली कंपनी, साहेब?"

"सर्वांत जुनी."

"भरती चालू आहे का?"

"आपण सगळे तिच्यातच आहोत."

फोरमनने मागे वळून आपल्या माणसांना सांगितले, "राव, साहेबांना सावलीत बसवा. ऊन लागलंय." त्यांनी सरांना खरोखरच बाकावर बसवून पाणी पाजले, आणि सर पुढे अधूनमधून तिथे जाऊन बसू लागले.

हे सारे विनोदाने सांगता येते. पण त्याच्या खाली एक गोष्ट हळूहळू सरकत होती, ती विनोदाची नव्हती. सरांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की गेलेली दृष्टी परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. पुस्तक छापायला घेतले होते त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. त्याचा पुण्यात छापखाना होता. त्याने सारा मजकूर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून तयार ठेवला होता. फक्त जिथे जिथे तो शब्द येई, तिथे सरांच्या सांगण्यावरून जागा मोकळी सोडली होती. ती मुद्रिते, म्हणजे तपासणीसाठी काढलेले कच्चे छाप, मी पाहिली आहेत. पानभर ओळी नीट चालल्या आहेत आणि मध्येच एक पांढरे भोक. 'समुद्र हा या —चा कंठ आहे.' 'ज्याला — दिसले, त्याला घाई राहत नाही.'

छापखानेवाले एकदा स्वतः येऊन गेले. सरांच्या पाया पडले आणि ओसरीवर बसून कळवळून म्हणाले, "सर, एवढ्या पानांत माझे खिळे अडकून पडलेत. दिवाळीनंतर लग्नसराई. पत्रिका कशात छापू? दसऱ्यापर्यंत शब्द द्या, नाहीतर मला मजकूर सोडवून खिळे मोकळे करावे लागतील."

"सोडव," सर म्हणाले. "पुन्हा जुळवशील."

"मी जुळवीन हो. पण मुद्रिते तपासणार कोण?"

ज्या डोळ्यांनी मुद्रिते तपासायची ते डोळे तोवर असणार नव्हते, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर ग्रीक सोपवायला महाराष्ट्रात त्यांना माणूस ठाऊक नव्हता. मजकूर सुटला असता तर पुस्तक सुटले असते. हे त्यांनाही कळत होते, मलाही. आणि माजघरातून ऐकणाऱ्या आईलाही. त्या दिवशी तिने सरांना पहिल्यांदाच विचारल्यावाचून चहा पाठवला.

त्याच पावसाळ्यात सरांनी मला पंचायतनाविषयी विचारले. मधोमध गणपती आणि चार कोपऱ्यांना चार देव, यांचा क्रम ठरलेला कसा? मला आनंद झाला. ओसरीच्या फरशीवर पाच सुपाऱ्या मांडून मी त्यांना समजावले, की ईशान्येस विष्णू, आग्नेयेस शिव, नैर्ऋत्येस सूर्य आणि वायव्येस देवी. दगडही वर्णन करून सांगितले. गणपतीचा शोणभद्र तांबडा आणि सर्वांत मोठा. विष्णूचा शाळिग्राम काळा, गुळगुळीत. शिवाचा बाण लांबट. सूर्याचा स्फटिक थंड आणि धारेचा. देवीची सुवर्णमुखी खडबडीत आणि आकाराच्या मानाने जड. क्रम उलटसुलट झाला, म्हणजे शास्त्राच्या भाषेत व्यस्त झाला, तर तो हानिकारक समजतात, हेही सांगितले. सर सुपाऱ्यांवरून पुन्हा पुन्हा बोटे फिरवीत राहिले. "डोळ्यांनी पाहिले ते विसरेन," ते म्हणाले. "बोटांनी पाहिलेले राहील."

दसरा जवळ येत होता. दारावर कुठलाही पाहुणा नव्हता.

अशातच निघोज्याहून सांगावा आला, की आईची थोरली बहीण अंथरुणाला खिळली आहे. सकाळची पूजा आटोपून आई आणि मी निघालो. घरात सर एकटेच. माजघराचे दार आम्ही उघडेच ठेवले. ओसरीवर सर असताना कुलपाची गरज नाही, असे आईच म्हणाली. सांजेच्या आत परत आलो तेव्हा सर खुर्चीत नव्हते. खुर्चीशेजारी उभे होते. अंगावर कोट नव्हता. कमरेला ओले धोतर, केसांतून पाणी निथळून खांद्यावर सुकलेले. त्या वेषात मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

"आईसाहेब," ते म्हणाले, "मी उंबरठा ओलांडला. मी तुमच्या देवांना हात लावला."

नैवेद्याच्या वाटीला चटावलेले मांजर चौरंगावर चढले आणि तबक उलटले होते. पाचही देव जमिनीवर विखुरले. सरांना आवाजावरून कळले. उरलेल्या दृष्टीत त्यांना फक्त पालथे तबक चमकताना दिसले.

"मी पुष्कळ वेळ इथेच बसून राहिलो. तुम्ही येईपर्यंत थांबावे, असे मनाला सांगितले. पण देव जमिनीवर आहेत हे ठाऊक असताना खुर्चीत बसवेना. मग विहिरीवर अंघोळ केली आणि ओलेत्याने आत गेलो. चार सापडले. पाचवा जात्याच्या मागे गेला होता. तोही सापडला. तुम्ही शिकवल्याप्रमाणे लावले आहेत."

आई दारातच थबकली. मी आत जाऊन पाटापाशी उभा राहिलो आणि तबकात पाहिले. गणपती मधोमध, जिथल्या तिथे होता. परंतु चारी कोपरे उलटे झाले होते. ज्या कोपऱ्यात विष्णू असायचा त्यात सूर्य, शिवाच्या जागी देवी. प्रत्येक देव समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. माझ्या तोंडून नकळत निघून गेले, "सर, हे व्यस्त झाले."

सर खुर्चीचा हात धरून तिच्यात बसले.

"बोटांनीही दगा दिला म्हणायचा." आणि मग, "शास्त्रीबुवा, उद्या छापखान्यात निरोप पाठवा. मजकूर सोडवायला सांगा. ज्याला पाच दगड जिथल्या तिथे लावता येत नाहीत, त्याने जगाला नाव देऊ नये. खोली मी महिनाअखेर रिकामी करतो."

देवांना परका हात लागला, त्याला शास्त्रात काय सांगितले आहे, ते मी मनात आठवू लागलो होतो. आई मात्र अजून त्या उंबऱ्यावर उभी होती आणि तबकाकडे पाहत होती.

"मास्तर," तिने विचारले, "देव लावलेत ते कुठं बसून?"

"इकडून. ओसरीच्या बाजूने. गुडघे टेकून, हात लांब करून लावले. चौरंगाला वळसा घालून शास्त्रीबुवांच्या पाटापर्यंत जायला मन धजेना. ती त्यांची जागा."

"उठा जरा."

सर उठले. आईने काय केले ते मी आजही डोळ्यांसमोर तसेच पाहू शकतो. निघोज्याच्या प्रवासाने थकलेली माझी सोवळी आई त्या परक्या माणसाच्या, ओल्या झालेल्या वेताच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथून तिने उघड्या दारातून तबकाकडे पाहिले. मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे केली, बारशाच्या बाळाचे नाक कुणावर गेले ते पाहावे तशी.

"अरे," ती मला म्हणाली, "इथनं बरोबर आहे."

मी ओसरीवर येऊन तिच्यामागे उभा राहिलो. खरोखरच बरोबर होते. विष्णू विष्णूच्या कोपऱ्यात, सूर्य सूर्याच्या. एकही देव चुकला नव्हता. जात्यामागून शोधून काढलेली सुवर्णमुखी आपल्या कोपऱ्यात, सोनेरी कणांची बाजू वर करून बसली होती.

आणि मग मला जे आठवायला हवे होते ते आठवले. जे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो आणि सरांना सांगायचे राहून गेले होते, ते असे, की पूजेत दिशा सूर्यावरून ठरत नाहीत. पूजा करणारा आणि त्याचा देव यांच्यामध्ये जी दिशा असते, तिलाच पूर्व मानायचे, म्हणजे देवाच्या ज्या अंगाला पूजा करणारा बसेल ते अंग पूर्वेचे. माणूस जिथे बसेल तिथून ईशान्य, आग्नेय मोजायची. सर सुपाऱ्यांचा क्रम ओसरीवर बसून शिकले होते, देवही त्यांनी ओसरीकडे बसून लावले होते. क्रमात चूक नव्हती. पाट तेवढा पलीकडे राहिला होता.

मी हे बोललो. सर ऐकत होते. "म्हणजे," ते हळू म्हणाले, "मांडणी बरोबर असायला कुणीतरी समोर बसावे लागते?"

"आणि कुठे बसला आहे, ते कळावे लागते."

आई खुर्चीवरून उठली. "ते तुम्ही दोघं नंतर बोला. मास्तर, आधी कोरडं नेसा, थंडी भरेल. अरे, तू अंघोळ करून ये आणि पाट उचल."

"पाट?"

"देव हलवायचे नाहीत. त्यांनी एवढ्या कष्टानं लावलेत. पाट इकडं आण."

मी स्नान केले, पाट उचलला, चौरंगाला वळसा घालून ओसरीच्या बाजूला मांडला आणि देवांची पुन्हा यथासांग पूजा केली. प्रायश्चित्ताविषयी आईने विचारले नाही आणि मीही काही सुचवले नाही. पूजा चालू असता माझी पाठ सरांकडे होती. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आम्ही दोघे त्या सायंकाळी एकाच बाजूने पाहत होतो, इतकेच नव्हे तर बसलोही एकाच बाजूला होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खोलीतून बाहेर आले तेव्हा कोटाची सारी बटणे जागेवर होती. मला म्हणाले, "निरोप पाठवायचा आहे."

"मजकूर सोडवण्याचा?"

"नाही. 'जग' घालायला सांगा. सगळीकडे."

मला आश्चर्य वाटले. हाच शब्द त्यांनी साज नाही म्हणून पुसला होता. मी तसे म्हटले.

"मी शब्दाकडे साज मागत होतो," ते म्हणाले. "लावणेही त्यानेच करावे, सजणेही त्यानेच. शब्दाला ते जमत नसते. माझ्या ग्रीकांनाही तो शब्द जमला, कारण कुणीतरी मान वर करून उभे होते. त्या पाटलांनी सांगितले होते, जग म्हणजे माणसे. मला तेव्हा वाटले, डोंगर-तारे राहून गेले. राहून गेलेले नव्हते. त्यांच्याकडे पाहणारे त्या शब्दात आधीपासून बसलेले आहेत. वाचणारा आपला पाट घेऊन येईल, शास्त्रीबुवा. मी त्याच्यासाठी देव हलवणार नाही."

दारावर त्यांनी तो शब्द लिहिला नाही. घरच्या माणसाला कुणी पाहुणा म्हणत नाही, असे म्हणाले.

मोकळ्या जागा भरल्या गेल्या. शेवटची मुद्रिते सरांनी भिंग डोळ्याला टेकवून स्वतः तपासली. एका पानाला त्यांचा सारा दिवस जाई. ते काम संपल्यावर त्यांनी भिंग टेबलावर त्याच्या जागी ठेवले आणि पुन्हा उचलले नाही. उचलून उपयोगही राहिला नव्हता. पुस्तक बांधून आले, ते त्यांनी हाताने चाचपले, कागदाचा वास घेतला, आणि मी ओसरीवर बसून त्यांना पहिल्या पानापासून वाचून दाखवले. माजघरात आई तांदूळ निवडीत होती. काही पाने झाल्यावर तिचा आवाज आला.

"मास्तर, शेवटी जगच म्हणायचं होतं, तर एवढी वर्षं कशाला लावलीत? मला आधीच विचारायचं."

"तेव्हा मी नुसता ओसरीवरचा होतो, आईसाहेब," सर म्हणाले.

आईने सुपातले तांदूळ एकदा पाखडले.

त्याआधी, त्या पूजेच्या दुसऱ्याच दिवशी, मी तिला विचारले होते, की पाट आणि देव आता पूर्ववत करू का? ती म्हणाली, "असू दे तसंच. मास्तरांना दिसत नाही हल्ली. तू जवळ बसलास तर मंत्र तरी नीट ऐकू येतील."

पुढे आई गेली, मग सरही गेले. वेताची खुर्ची अजून आहे. पाटही तिथेच मांडतो. आमची ओसरी नदीकडे तोंड करून आहे. पलीकडे ताथवड्याच्या बाजूला रोज सूर्य मावळतो, तो ओसरीवरून दिसतो. परंतु आमच्या घरात पूर्व तिकडेच आहे.